अश्मयुगातल्या माणसाकडे ब्रश नव्हता, मग?

दर काही महिन्यांनी हा वाद नव्याने पेटतो. कुठल्याशा उत्खननातल्या कवटीचा फोटो फिरू लागतो. दात एका ओळीत, एकही किडलेला नाही, आणि खाली मजकूर असतो: यांच्याकडे ना ब्रश होता ना पेस्ट, तरी बघा! लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, टूथपेस्ट हा कंपन्यांनी गळ्यात मारलेला धंदा आहे, आजोबांसारखी कडुनिंबाची काडी चावा. दुसरी, यात बरीचशी डॉक्टरमंडळी असतात, म्हणते, अहो, ती माणसं तिशीत मरायची, दात किडायला वेळच कुठे होता? पुरावा दोघांच्याही हातात आहे आणि दोघंही त्याचा भलता अर्थ लावताहेत. प्रागैतिहासिक दातांनी आपल्याला सांगितलेली मुख्य गोष्ट खाण्याबद्दलची आहे: पिष्ट आणि साखर किती, आणि दिवसातून कितीदा. घासण्याचं साधन त्या गोष्टीत दुय्यम आहे. पण म्हणून पेस्ट फेकून द्यावी असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. निघालाच तर उलटा निघतो, कारण आपण त्या माणसांसारखं खात नाही आणि खाणारही नाही.

पूर्वजांच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. क्रिस्टी टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ साली जगभरातल्या दातांच्या नोंदी एकत्र केल्या. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत किडलेल्या दातांचं प्रमाण सरासरी १.७ टक्के, शेतकरी समाजांत ८.६ टक्के. म्हणजे शेती आली आणि कीड पाचपट झाली. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात, प्रतापगढ जिल्ह्यातल्या महादहा आणि दमदमा इथे मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीआधीच्या, माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांचे दात मोठे, भरपूर झिजलेले, पण कीड फार कमी. दातांवरच्या किटणात तेव्हाच्या जिवाणूंचा डीएनए अडकून राहतो. २०१३ साली युरोपातल्या अशा किटणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शेती आल्यावर तोंडातले जिवाणू बदलले, आणि पांढरं पीठ नि साखर स्वस्त झाल्यावर पुन्हा बदलले. या दुसऱ्या वेळी त्यांची विविधता घटली आणि कीड पाडणाऱ्यांचं फावलं.

याहून ठोस पुरावा हवा असेल तर तो अश्मयुगातला नाही, गेल्या शतकातला आहे. ऑस्ट्रेलियातल्या बाउरल गावी होपवूड हाउस नावाचं मुलांचं वसतिगृह होतं. तिथे जवळपास शाकाहारी जेवण, साखर नाही, मैदा नाही. दंतवैद्यांनी या मुलांना १९४७ ते १९६२ अशी वर्षानुवर्षं तपासलं. मुलं दात नीट घासत नसत. त्यांच्या हिरड्या सुजलेल्या असत. आणि तरी बाहेरच्या मुलांच्या मानाने त्यांचे दात कितीतरी कमी किडलेले होते. बारा-तेराव्या वर्षी वसतिगृह सुटलं, बाहेरचं खाणं सुरू झालं, आणि त्यांचे दातही इतरांच्याच वेगाने किडू लागले. लहानपणी कमावलेलं काही कवच त्यांच्या दातांवर उरलं नव्हतं. 'घासलं नाही म्हणून किडलं' हे वाक्य आपण मुलांना जितक्या खात्रीने ऐकवतो, तितकी खात्री या नोंदी वाचल्यावर उरत नाही. घासण्याने हिरड्या जपल्या जातात, हे खरं. कीड हा बराचसा वेगळा मामला आहे, आणि या वादात दोन्ही आजार एकाच पोत्यात भरले जातात.

मग 'तिशीत मरायचे' या युक्तिवादाचं काय? तो टिकत नाही. सरासरी आयुष्य तीस वर्षं होतं याचा अर्थ अर्भकं आणि लहान मुलं फार मरत. बालपण पार पडलेली माणसं साठी-सत्तरी गाठत, हे आजही शिकारीवर जगणाऱ्या समाजांच्या नोंदींतून दिसतं. आणि दात किडायला तीस वर्षं लागतात कुठे? आपल्या बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोराच्या तोंडात डोकावून पाहा. वेळ कमी पडला म्हणून दात वाचले असते, तर दुधाचे दात कधीच किडले नसते. डॉक्टरांनी हा युक्तिवाद सोडून द्यावा, कारण तो चुकीचा असल्याचं कळताच माणूस त्यांच्या बाकीच्या बरोबर सल्ल्यावरही अविश्वास दाखवतो.

पण आता काडीवाल्यांकडे वळू. 'निसर्गात राहणाऱ्या माणसाचे दात किडत नसत' हे विधान एका कवटीवर आदळून फुटतं. झांबियातल्या काबवे इथल्या खाणीत १९२१ साली ती मिळाली. वय सुमारे तीन लाख वर्षं. शेती तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. या माणसाच्या वरच्या जबड्यातले दहा दात किडलेले होते, मुळाशी पू झाल्याच्या खुणा होत्या. ही एकटीदुकटी कवटी म्हणून सोडून द्यायची असेल तर मोरोक्कोतल्या ताफोराल्टला जाऊ. तिथल्या गुहेत पंधरा हजार ते पावणेचौदा हजार वर्षांपूर्वी शिकारी-संग्राहक टोळ्या राहत आणि मृतांना तिथेच पुरत. २०१४ साली त्यातल्या ५२ प्रौढांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त, ५१.२ टक्के दात किडलेले! टर्नरच्या शेतकऱ्यांचे ८.६ टक्के या गुहेपुढे काहीच नाहीत. शेतीचा पत्ता नसताना हे कसं झालं? उत्तर त्याच गुहेच्या राखेत सापडलं: ओकची फळं आणि चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया. ओकची फळं पिठूळ असतात, शिजवली की चिकट होतात, आणि साठवता येतात, म्हणजे वर्षभर येताजाता तोंडात टाकता येतात. ब्रश महादहाच्या माणसाकडे नव्हता तसा ताफोराल्टच्याही माणसाकडे नव्हता. फरक पडला तो पोटात काय जात होतं त्याने. हा दाखला दोन्ही फळ्यांना सारखाच अडचणीचा आहे. म्हणूनच बहुधा तो कुणी सांगत नाही.

यामागचं रसायन गुंतागुंतीचं नाही. दातांवरच्या थरातले जिवाणू साखर आणि शिजवलेलं पिष्ट खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक आवरण, विरघळू लागतं. लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि गेलेलं खनिज थोडं परत भरते. दर खाण्यानंतर ही झटापट होते. दिवसातून तीनदा खाल्लंत तर लाळेला सवड मिळते. दर तासाला काहीतरी चघळलंत तर नाही मिळत. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोम इथल्या संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मतिमंद रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन हे तपासलं गेलं. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं, आणि हा प्रयोग वैद्यकाच्या इतिहासातला डाग आहे यात शंका नाही. पण त्यातून कळलं ते असं की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट साखरेने दातांची वाट लागते.

शिकाऱ्यांच्या दातांचं आणखी एक गुपित आहे, आणि ते हेवा करावं असं नाही. त्यांचं अन्न भरड, वाळूमातीने भरलेलं. त्याने दाढांचे माथे झिजून सपाट होत. कीड बहुतेक वेळा दाढेच्या माथ्यावरच्या खाचांत सुरू होते. खाचच उरली नाही तर कीड घर कुठे करणार? पण झीज तिथे थांबत नाही. ती एनॅमल ओलांडून आतल्या मज्जेपर्यंत पोचली की जंतू थेट मुळाशी जातात आणि जबड्यात गळू होतं. अशी भोकं पडलेले जबडे जुन्या सांगाड्यांत पोत्याने सापडतात. फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सें इथला निअँडरथल म्हातारा बहुतेक दाढा गमावून बसला होता. जॉर्जियातल्या दमानिसी इथे मिळालेली पावणेअठरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी तर एक सोडून सगळे दात पडलेल्या माणसाची आहे. 'किडलेला नाही' आणि 'निरोगी आहे' यांत अंतर आहे, आणि फोटोत ते दिसत नाही.

एक गोष्ट मात्र काडीवाल्यांना बिनशर्त द्यायला हवी: जबड्याची. लहानपणापासून चिवट अन्न चावलं की जबडा पुरेसा वाढतो आणि अक्कलदाढेला जागा मिळते. मऊ खाण्यावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांत दात दाटीवाटीने, वेडेवाकडे येतात, अक्कलदाढा आडव्या अडकतात. फोटोतली ती सुबक ओळ खोटी नाही. पण तिचं श्रेय लहानपणी चावलेल्या चिवट मांसाला आणि मुळांना आहे. तिशीत सुरू केलेल्या कडुनिंबाच्या काडीने जबडा रुंद होत नाही.

आता ती काडीच घेऊ. आदिमानव दात कोरत असे, हे नक्की. स्पेनमधल्या सिमा देल एलेफांते इथल्या बारा लाख वर्षांपूर्वीच्या जबड्यात दोन दातांच्या मध्ये कोरण्याने पडलेली खाच आहे आणि किटणात लाकडाचे तंतू अडकलेले आहेत. पण कोरणं ही अडकलेलं मांस काढण्याची सोय झाली. त्याने कीड थांबल्याचा कसलाही पुरावा नाही. वनस्पतींच्या बाजूने सर्वांत जोरकस दाखला सुदानातून येतो. खार्टूमजवळ नाईलकाठच्या अल खिदाय इथल्या दफनभूमीतल्या माणसांच्या किटणात हजारो वर्षांच्या अंतरावरच्या थरांत एकच वनस्पती भेटते: नागरमोथा. आपल्या उटण्यातला, आपल्या शेतकऱ्याला नकोसा झालेला तोच लव्हाळा. त्याचे कंद ही माणसं खात. नंतरच्या काळातली तिथली माणसं शेती करत होती, तरी त्यांच्या एक टक्क्याहूनही कमी दातांना कीड होती. नागरमोथ्यातली द्रव्यं कीड पाडणाऱ्या जिवाणूला आवर घालतात, म्हणून संशोधकांनी असा अंदाज बांधला की त्यामुळे दात वाचले असावेत. अंदाज चांगला आहे, मला पटण्यासारखा वाटतो. पण ती माणसं नागरमोथा अन्न म्हणून खात होती, आयुष्यभर. त्याचा चिमूटभर अर्क घातलेली नळी बाजारात आणून 'नऊ हजार वर्षांचं ज्ञान' असा शिक्का मारणं, हे या संशोधनाच्या नावावर खपवलेलं दुकान आहे.

आणि आपल्या परंपरेबद्दल बोलायचंच तर अर्धवट कशाला बोलायचं? कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून वापरली तर दातांवरचा थर ब्रशइतकाच निघू शकतो. अरबस्तानातल्या मिसवाकच्या काडीला जागतिक आरोग्य संघटनेनेही पाठिंबा दिला आहे. काडीवर माझा राग नाही. पण महाराष्ट्राच्या घराघरांत काडीबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या. एक राखुंडी, जिच्या खरखरीत कणांनी हिरडीजवळचा दात खरवडला जाई. दुसरी मशेरी: तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. कित्येक बायका ती सकाळी दात घासायला म्हणून लावत आणि मग दिवसभर लावत राहत, कारण सवय दातांना नाही, मेंदूला लागलेली असते. दात घासण्याच्या उत्पादनांत तंबाखू घालण्यावर देशात १९९२ साली बंदी आली, तरी गावोगावी घरच्या तव्यावर ती भाजली जातच राहिली. मशेरीही आजीच्या हातचीच होती ना? 'परंपरा' म्हणून काडीचं नाव घ्यायचं आणि मशेरीबद्दल गप्प बसायचं, हे सोयीचं आहे, प्रामाणिक नाही.

पूर्वजांकडून उचलायचीच झाली तर एक गोष्ट उचलू. दुखणाऱ्या दाताकडे त्यांनी 'निसर्गाची मर्जी' म्हणून पाहिलं नाही. इटलीतल्या व्हिलाब्रुना इथे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची किडलेली दाढ गारगोटीच्या टोकाने खरवडलेली आहे. स्लोव्हेनियातल्या लोंचे इथल्या साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या चिरलेल्या सुळ्यावर मधमाशीचं मेण भरलेलं आहे. आणि बोलन खिंडीच्या पायथ्याशी, आज पाकिस्तानात असलेल्या मेहरगढला तर दंतवैद्यकच होतं म्हणायला हवं. साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या सामत्याने, म्हणजे हातड्रिलने, पाडलेली नेटकी भोकं आहेत. नंतर त्या दाढांनी चावलेलं आहे, म्हणजे माणसं जिवंत होती आणि पुढेही जगली. हे गाव मणी घडवणाऱ्या कारागिरांचं. मण्याला भोक पाडणारा हात दाढेकडे वळला असावा. संशोधकांनी धनुकलीवर फिरणारं तसलं सामतं करून पाहिलं, तेव्हा एनॅमलला भोक पडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. दीडेक हजार वर्षं चाललेली ही कला तिथल्या नंतरच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं वापरात आल्यावरच्या, दफनांत दिसत नाही. दात मात्र किडतच राहिले. जुनं ज्ञान आपोआप टिकतं, पिढ्यानपिढ्या झिरपत आपल्यापर्यंत येतं, असं मानणाऱ्यांनी मेहरगढच्या त्या नंतरच्या जबड्यांकडे पाहावं.

दातांची गोष्ट दात येण्याआधी सुरू होते, हे मात्र मला आपल्या इनामगावाने शिकवलं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. त्या पोरांच्या दुधाच्या दातांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. त्यात एनॅमल अर्धवट राहिल्याच्या खळग्या दिसल्या. दुधाच्या दातांचं एनॅमल आईच्या पोटात आणि पहिल्या काही महिन्यांत तयार होतं, म्हणजे त्या खळगीत आईची उपासमार किंवा बाळाचं आजारपण कोरलेलं असतं. असा दात उगवतो तोच कच्चा. त्या आयांना कुठली काडी, कुठली पेस्ट सुचवणार आहात?

आता उरते ती पेस्ट. तिच्यात काय आहे ज्यासाठी तिची बाजू घ्यायची? फेस नाही, पुदिन्याचा वास नाही, कोळसा तर नाहीच. (कधीकाळी कोळशाने दात घासणाऱ्याला जाहिरातीत हसणारे आता तोच कोळसा काळ्या नळीत भरून दुप्पट भावाने विकतात, हा विनोद त्यांचा त्यांनाच लखलाभ.) कीड रोखण्यापुरतं बोलायचं तर पेस्टमधली कामाची वस्तू फ्लोराइड. ते विरघळणाऱ्या एनॅमलमध्ये शिरून त्याला आम्लापुढे टणक करतं. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने कितीही घासलं तरी कीड थांबते याला पुरावा फारच तोकडा आहे. इथे फ्लोराइडविरोधक तेलंगणातल्या नालगोंड्याचं नाव घेतील, यवतमाळ आणि चंद्रपूरचं घेतील, आणि ते बरोबरच आहे. बोअरच्या पाण्यातून वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दात डागाळतात, हाडं वाकतात, माणूस कायमचा जायबंदी होतो. तिथे उपाय पाण्याचा आहे आणि सरकारने तो केलाच पाहिजे. पण विहिरीतून रोज पोटात जाणारं फ्लोराइड आणि दातांना लावून थुंकलेल्या वाटाण्याएवढ्या पेस्टमधलं फ्लोराइड यांना एकच विष ठरवणं म्हणजे पुरात घर वाहून गेलं म्हणून तांब्याभर पाणी नाकारणं. अश्मयुगातल्या बहुतेक माणसांना याची गरज पडली नाही, कारण त्यांच्या दातांना दिवसातून आठ वेळा आम्लाची आंघोळ नव्हती. आपल्या दाताला आहे.

या सगळ्या वादात सर्वांत वाईट काय असेल तर तो कुणाला दोषी धरतो ते. मूल दवाखान्यात येतं, पुढचे चार दात मुळापर्यंत काळे. पहिला प्रश्न आईला: घासत नाही का? ते मूल सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत गेलेलं असतं, शाळेबाहेर पाच रुपयांना मिळणाऱ्या गोळ्या-वेफर्सवर दुपार काढतं, आणि रात्री लहानगं भावंड साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपतं. हे सगळं स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, आणि दिवसभर काम करणाऱ्या आईला परवडतं ते हेच. ताफोराल्टच्या टोळीतही हेच झालं होतं: साठवता येणारं, पिठूळ, चिकट, सतत हाताशी असलेलं अन्न. फरक इतकाच की ओकची झाडं जाहिरात करत नव्हती.

ब्रिटनने २०१८ साली गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर बसवला. जितकी साखर जास्त तितका कर जास्त, म्हणून कंपन्यांनी मुकाट्याने साखर कमी केली. पुढच्या अभ्यासात किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. त्या मुलांचा ब्रश कुणी बदलला नव्हता. आपल्याकडे सोडा घातलेल्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण तो साखर किती आहे हे पाहत नाही. निम्मी साखर घातली तरी तेवढाच, म्हणून ती कमी करण्याचं कुठल्याच कंपनीला कारण नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जे दर बदलले त्यात टूथपेस्टवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, याचं स्वागतच आहे. त्याच दिवशी, त्याच यादीत, बिस्किटं आणि चॉकलेटंही १८ वरून ५ वर आली.